पर्यावरणाचा प्रोजेक्ट माझ्या दुकानात मिळतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या एका शाळेच्या पर्यावरण दिंडीचा फोटो आला होता. पहिली-दुसरीची मुलं, डोक्याला हिरव्या पानांचे मुकुट, हातात 'झाडे लावा, झाडे जगवा'च्या पाट्या. फोटो गोड आहे. माझी शेजारीण कात्रण घेऊन दुकानात आली, कारण तिचा नातू दुसऱ्या रांगेत उभा आहे. मी मात्र मुकुटांकडेच बघत राहिले. ती पानं माझ्या दुकानातली. हिरव्या चमकीच्या फोम शीटची, मागून चिकटणारी, पंधरा रुपयांना एक, एका शीटमध्ये दोन मुकुट बसतात. आदल्या संध्याकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान माझ्याकडची सगळी हिरवी शीटं संपली, तेव्हा शेवटच्या दोन आयांना मी निळी दिली. फोटो नीट पाहिलात तर निळ्या पानांची झाडंही दिसतील.

आधी माझी ओळख सांगते. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. दुकान म्हणजे अर्धा गाळा, उरलेल्या अर्ध्यात चक्की. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा १९९१ साली सुरू केलं. दहा मिनिटांच्या चालीवर पाच-सहा शाळा आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. जून वह्या-कव्हरांचा, बाकी वर्ष प्रोजेक्टांचं. याच प्रोजेक्टांतून माझी लाइटबिलं भरली गेली, धाकटीचं बी.कॉम. झालं. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं वाचून मला कोणी साध्वी समजायला नको.

पर्यावरणाचा प्रोजेक्ट कसा होतो ते काउंटरच्या आतल्या बाजूने फार चांगलं दिसतं. रात्री नऊ-सव्वानऊला आई येते, कामावरून परस्पर, खांद्याला पर्स तशीच. मोबाइल माझ्यासमोर धरते. ग्रुपवर मेसेज असतो, उद्या 'सेव्ह अर्थ'चं मॉडेल आणणे. मूल सोबत नसतं, ते जेवून झोपलेलं असतं. मला आता काही विचारावं लागत नाही. पृथ्वीला प्लास्टिकचा चेंडू. हिरवळीला प्लास्टिकच्या गवताचा तुकडा. झाडांचं पाकीट मिळतं, सहा झाडं चाळीस रुपये. ढगाला कापूस, नदीला निळा जिलेटीन कागद. खाली बेसला पूर्वी थर्माकोल द्यायचे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा तो गेला आणि त्याच्या जागी सनबोर्ड आला, तोही शेवटी प्लास्टिकचाच. सगळं मिळून दोनशे-अडीचशे रुपयांत पृथ्वी वाचते.

मॉडेल तीन दिवस वर्गात मांडलेलं असतं. चौथ्या दिवशी शाळेची मावशी सगळं गोणीत भरून मागच्या गेटला आणते. गेल्या वर्षी ती सुटे पैसे मागायला दुकानात आली तेव्हा तिच्या हातात त्यातलंच एक झाड होतं. म्हणाली, "ताई, हे झाड ओल्यात टाकू का सुक्यात?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिच्या गोणीतली चार-पाच बरी झाडं मी काढून घेतली, धुतली आणि परत पाकिटात घालून विकली, हेही कबूल करते.

५ जूनची तर वेगळीच गंमत. दिवस पर्यावरणाचा, पण मुंबईतल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. पाच तारखेला निम्मी मुलं गावाला, कोणी कोकणात, कोणी घाटावर. मग ग्रुपवर निरोप येतो की रोप लावतानाचा फोटो पाठवा. आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या काकूंची तुळशीची कुंडी आहे. यंदा त्या एका कुंडीबरोबर पाच मुलांचे फोटो निघाले. पाचव्याला कुंडी देताना काकूंनी बजावलं, "लवकर आण रे परत, माझी पूजा व्हायचीय." पाचही जणांना प्रमाणपत्र आलं, रंगीत, मोबाइलवर. त्यातल्या दोघांच्या आयांनी माझ्याकडे त्याची प्रिंट काढून लॅमिनेशन करून घेतलं. तीस रुपये प्रमाणे.

मुलांचा यात काडीचा दोष नाही, आयांचाही नाही. शिक्षकांनाही मी दोष देणार नाही. मतदार यादीचं काम, कसले कसले सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यातून उरलेल्या वेळात वर्ग. वरून निघालेल्या परिपत्रकाला उत्तर म्हणून फोटो जावा लागतो, तो माझ्या दुकानातून जातो, एवढंच.

माझी मुलगी एका वकिलांकडे टायपिंग करते. तिच्याकडून कळलं की १९९१ साली सुप्रीम कोर्टाने पर्यावरण शाळा-कॉलेजात सक्तीने शिकवा असं सांगितलं होतं आणि २००३ मध्ये पुन्हा कान उपटले होते. ज्या वर्षी मी दुकान उघडलं त्याच वर्षी हा विषय सक्तीचा ठरला म्हणायचा. माझ्या धंद्याला त्याचा हातभार लागला, यात शंका नाही.

खरं सांगायचं तर पुस्तकं वाईट नाहीत. तिसरीपासूनचं 'परिसर अभ्यास' मी दरवर्षी चाळते, विकायला असतंच. त्यात जागोजाग चौकटी आहेत, 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा'. ज्यांनी हे लिहिलं त्यांना मुलांनी बाहेर जावं, हात घाण करावेत, असं मनापासून वाटत असणार. पण त्या पुस्तकाशेजारीच माझ्याकडे गाईडं लावलेली असतात, आणि त्यांत 'करून पहा'चीही उत्तरं छापलेली असतात. न करता काय दिसलं ते पाठ करायचं. ही गाईडं पुस्तकाच्या दुप्पट खपतात.

आणि परिसर कुणाचा? एका शाळेच्या चित्रकला स्पर्धेचे कागद आणि बक्षिसांची पेनं माझ्याकडून गेली, म्हणून त्यांनी मला बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. विषय 'पर्यावरण'. भिंतीवर चिकटवलेली चित्रं मी सावकाश पाहिली. अर्ध्याहून जास्त चित्रांत बर्फाच्या तुकड्यावर उभं पांढरं अस्वल. उरलेल्यांत पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर. खाडीच्या चिखलात वाढणारं तिवराचं झाड एकही नाही. आमच्यापासून ठाण्याची खाडी लांब नाही. तिथे दर हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो उतरतात, आपल्या मराठीत रोहित. २०१५ साली तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ती जागा रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. खाडीतली पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. माझ्याकडच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात राज्यवृक्ष आंबा, राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू एवढं सगळं आहे, चिप्पी अजून आलेली नाही. मुलांचं काय चुकलं? त्यांनी कधी न पाहिलेलं अस्वल काढलं, कारण चाळीस रुपयांच्या नमुना-चित्रांच्या पुस्तकात तेच होतं. ते पुस्तकही माझ्याच दुकानातलं.

माझ्या दुकानाच्या कोपऱ्यावर भांडुप गावची एक कोळीण बसते. तिच्या टोपलीत एकदा निवट्या होत्या. माझ्याकडे खोडरबर घ्यायला आलेला तिसरीतला एक मुलगा ते बघून थबकला. "मावशी, सरडे विकता?" त्यावर ती जे बोलली ते मी काउंटरवर हात टेकून ऐकत राहिले. हा मासाच, पण चिखलावर पंखांनी सरपटतो, बिळात राहतो. तिवरांच्या भोवती चिखलातून खुंट्यांसारखं वर येतं ना, ती मुळं. झाड त्यांतून श्वास घेतं. त्यावर प्लास्टिक येऊन बसलं की झाडाचं नाक दाबलं जातं. "तुझं नाक दाबू का, बघ कसं होतं," म्हणत तिने खरंच मासळीच्या हाताने त्याचं नाक चिमटीत धरलं. पोरगं किंचाळलं, नाक पुसत पळालं आणि दुसऱ्या दिवशी तीन मित्रांना घेऊन आलं. त्या दिवशी टोपलीत निवट्या नव्हत्या, नुसते बोंबील होते, तर चौघांची तोंडं उतरली. मला वाटतं परिसर अभ्यासाचा एक तास तिथे झाला, बिनपगारी.

आता जवळच्या एका मराठी शाळेतल्या चौथीच्या बाईंविषयी लिहिते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पट कमी होत चाललेली शाळा, त्यांच्या वर्गात बावीस मुलं. दोन वर्षांपूर्वी त्या दुकानात आल्या आणि काही विकत न घेता रंगाचे रिकामे डबे कुठे मिळतील ते विचारून गेल्या. वीस लिटरचे दोन डबे मिळाले, त्यांना भोकं पाडली आणि वर्गाबाहेर ओल्या कचऱ्याचं खत करायला सुरुवात केली.

पहिला प्रयोग पार बिघडला. मुलांनी उत्साहाने उरलेली खिचडी, तेलकट भाजी, पोळीचे तुकडे, सगळं आत टाकलं आणि झाकण गच्च लावलं. आठ दिवसांत अळ्या झाल्या आणि वास पार जिन्यापर्यंत गेला. मोठ्या बाईंनी डबे उचलायला सांगितले. तेव्हा वर्गातली एक मुलगी बोलून गेली, "बाई, हा तर कांजूरचा वास."

आमच्याकडच्या मुलांना कांजूरच्या कचरा डेपोचा हा वास शिकवावा लागत नाही. रात्री वारा फिरला की खिडक्या बंद करायच्या, हे त्यांना पाळण्यातून माहीत असतं. पण आपल्या घरची केळ्याची साल आणि तो वास यांचा काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. बाईंनी तो तास तिथेच घेतला. मुंबईचा रोजचा कचरा साधारण सहा-साडेसहा हजार टन. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं, कांजूरला २०११ पासून कचरा यायला लागला आणि आता बहुतेक सगळा तिथेच जातो. ओला कचरा हवेशिवाय दाबून ठेवला की सडतो आणि घाण मारतो, जसा तुमच्या डब्यात मारतोय. मग हवा मिळाली तर?

दुसऱ्या खेपेला नियम बदलले. शिजवलेलं काही नाही, फक्त सालं, देठं, चहाचा चोथा. एक मूठ ओलं तर दोन मुठी वाळका पाला. पाला आवारातल्या पिंपळाचाच, जो मावशी एरवी कोपऱ्यात पेटवून द्यायची, तो गोणीत साठवायचा. झाकण अर्धवट. एक दिवसाआड काठीने खालीवर करायचं. आतलं मुठीत घेऊन दाबायचं, बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवायचा, भुसभुशीत कोरडं लागलं तर पाण्याचा हबका मारायचा. रोज दोन मुलांची पाळी, त्यांना 'डब्याचे मॉनिटर' म्हणायचे. दोन महिन्यांनी निघालेलं खत बाईंनी पिशवीत घालून मला दाखवायला आणलं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास होता. पिशवीबरोबर आलेला मॉनिटर ऐटीत म्हणाला, "काकू, हात घाला, काही होत नाही."

यातून एक गोष्ट झाली जी कोणी ठरवलेली नव्हती. शिजवलेलं डब्यात चालत नाही म्हटल्यावर उरलेल्या खिचडीचं काय, हा प्रश्न आला. मुलं आपणहून ताटात कमी घेऊ लागली आणि लागेल तशी मागून घेऊ लागली. 'अन्न वाया घालवू नका'चा तक्ता माझ्याकडे दहा रुपयांना मिळतो, तो त्या वर्गात कधी लावलेला नव्हता.

एक अवघड प्रसंगही आला. मुलांनी घरी जाऊन ओल्या-सुक्याचे दोन डबे करायला लावले, आया वैतागल्या पण त्यांनी केले. आणि एका सकाळी त्यातल्या एका मुलाने पाहिलं की गाडीवाल्याने इमारतीचे दोन्ही डबे एकातच उलटे केले. तो रडवेला होऊन शाळेत आला. नऊ वर्षांच्या मुलाला काय सांगणार? 'आपण आपलं काम करायचं', हे त्याला पटलं नाही, मलाही पटलं नसतं. बाईंनी खोटं सांगितलं नाही. मोठी माणसं कामचुकारपणा करतात, असं सरळ म्हणाल्या आणि वर्गाकडून पत्र लिहून घेतलं. ते पत्र आणि पाकीट माझ्या दुकानातलं, मी पैसे घेतले नाहीत. उत्तर अजून आलेलं नाही. पण तो मुलगा आता गाडी यायच्या वेळी गेटवर उभा राहतो आणि गाडीवाल्याला त्याची लाज वाटते, असं त्याची आई सांगते.

त्या वर्गाची सहल बाईंनी रिसॉर्टला नेली नाही. सायन स्टेशनला उतरून महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेली, धारावीच्या कडेला, मिठी नदीजवळ. मदतीला पालक कमी पडत होते म्हणून मीही गेले. आज तिथे सदतीस एकरांचं रान आहे, पक्षी आहेत, फुलपाखरं आहेत. पूर्वी ते मुंबईचं डम्पिंग होतं. कचरा टाकणं थांबल्यावर माती घालून झाडं लावली, वाढवली आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. पायाखाली कचरा आहे हे कळल्यावर दोघं-तिघं तिथेच खाली बसून काडीने माती उकरायला लागले. एकाला प्लास्टिकचा तुकडा सापडला, नवा की जुना देव जाणे. त्याने तो खिशात घातला आणि घरी आणला. परतीच्या गाडीत सगळी मुलं एकच विचारत होती, कांजूरचं असं कधी होणार? बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

माझा स्वतःचा हातभार लहान आहे आणि तो वह्यांचा. मार्च संपला की मुलांच्या वह्यांत वीस-तीस-चाळीस पानं कोरी उरतात. जूनमध्ये तीच मुलं नव्या डझनभर वह्या घेतात, वर खाकी कव्हर, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर स्टिकर. जुन्या वह्या रद्दीत. माझे वडील शहापूरला आम्हा भावंडांच्या वह्यांची कोरी पानं काढून दाभणाने शिवून द्यायचे, पुठ्ठ्याला जुन्या कॅलेंडरचा कागद खळीने चिकटवलेला. माझ्या वहीवर तीन वर्षं एकच गणपती होता. गेल्या एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर मी बाईंच्या वर्गात दाभण घेऊन गेले. दाभण बघून मोठ्या बाई घाबरल्या, मग पानांना भोकं मी घरी पाडून नेली आणि मुलांनी गोधडीच्या सुईने शिवली. बावीस मुलांच्या सतरा वह्या झाल्या. काहींच्या वाकड्या, एकाने पानं उलटी शिवली. यंदा जूनमध्ये त्या वर्गातली मुलं माझ्याकडून रफ वही घ्यायला आलीच नाहीत. तोटा झाला. चक्कीवाला मला वेडी म्हणतो.

दर वर्षी 'जलचक्रा'च्या मॉडेलसाठी माझ्याकडून बराच कापूस जातो. जलचक्र मुलांना पाठ असतं, बाष्पीभवन लिहितानाही चुकत नाहीत. पण नळाला पाणी कुठून येतं विचारलं तर उत्तर येतं, वरच्या टाकीतून. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, त्यातले विहार आणि तुळशी तेवढे मुंबईतले, बाकीचे पाच शंभर-शंभर किलोमीटरवरचे. निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. भातसा आमच्या शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, हे आपल्याच पेपरात दर वर्षी येतं. माझ्या भावाची नात मे महिन्यात आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती, तीही चौथीतच, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिल्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी मी मोरीत ओतायला गेले, तर तिने पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि गॅलरीतल्या कुंड्यांना घातलं. काही बोलली नाही. शेजारच्या मुलांना तिने सांगितलं की आमच्या गावातून पाईप जातो, भला मोठा, त्यावर बसता येतं, पण त्याला नळ नाही. माझ्या गल्लीतली मुलं त्या पाईपाविषयी अजून विचारतात.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, आणि ती एका स्टेशनरीवालीची आहे म्हणून तरी कोणी मनावर घ्यावी. पहिली ते पाचवीच्या मुलांना पर्यावरणाचा विकतचा प्रोजेक्ट देणं बंद करा. तक्ता नको, मॉडेल नको, मुकुट नको. त्याऐवजी वर्षभर सांभाळायचं एक काहीतरी द्या, डबा द्या, झाड द्या, गळका नळ द्या. ते बिघडू द्या. आणि परिसर अभ्यासात शाळेच्या गेटपासून दिसणारा परिसर येऊ द्या. विक्रोळीच्या मुलांनी खाडी काढावी, दहिसरच्या मुलांनी दहिसर नदी, धारावीच्या मुलांनी मिठी. पांढरं अस्वल नंतर काढता येईल.

झाडाचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण तिथे सगळ्यांचं गणित चुकतं. रोप लावतात जून-जुलैत, तेव्हा पाणी आभाळातून येतं आणि फोटोही चांगले येतात. झाडाची खरी परीक्षा मार्च ते मे, आणि तेव्हा मुलांची आधी परीक्षा, मग सुट्टी. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या तेव्हाच्या वर्गाने आमच्या रस्त्यावर पाच रोपं लावली, करंज, बहावा आणि ताम्हण. पहिल्याच उन्हाळ्यात तीन गेली. एक ताम्हण फुटपाथवाल्यांनी बुंध्यापर्यंत सिमेंट केल्यामुळे, दोन तहानेने. दुसऱ्या वर्षी बाईंनी सुट्टीत गावाला न जाणाऱ्या मुलांची यादी केली, सहा निघाली. माझ्या दुकानात पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन ठेवला. त्यावर वार आणि मुलांची नावं मार्करने लिहिली. संध्याकाळी ज्याचा वार तो येतो, चक्कीवाल्याच्या नळावर कॅन भरतो आणि झाडाला घालतो. एकदा मंगळवारवाला विसरला तर बुधवारवाल्याने त्याच्या घरी जाऊन भांडण केलं, मला सोडवायला जावं लागलं. करंज आता माझ्या खांद्याच्या वर गेला आहे. बहावा अजून काटकीच आहे, पण हिरवा आहे.

तेव्हा संपादक महाशय, एक विनंती. पुढच्या वर्षी ५ जूनला आमच्याकडे फोटोग्राफर पाठवू नका. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाठवा, भर दुपारी नको, साडेपाचनंतर. मुलांनी मुकुट घातलेले नसतील, बहुतेकांचे गुडघे मळलेले असतील आणि नाव विचारलं तर आधी पाणी घालून घेतील. दुकान चक्कीला लागूनच आहे. मी नसले तर कॅन कुठे ठेवलाय ते गल्लीतलं कुठलंही पोरगं दाखवेल.

आपली नम्र,
एक स्टेशनरीवाली वाचक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई